नेट खाली आणता येतं

आमच्या गावात उर्दू शाळेच्या मागं एक मोकळं मैदान आहे. माझ्या लहानपणी तिथं रोज असरच्या नमाजनंतर व्हॉलीबॉल चालायचा. दोन लोखंडी खांब, ठिकठिकाणी गाठी मारलेलं नेट आणि फक्कीनं आखलेल्या रेघा. मगरिबच्या अजानपर्यंत आरडाओरडा, भांडणं, पैजा सगळं व्हायचं.

खालाचे मोठे चिरंजीव, ज्यांना आम्ही सगळे भाईजान म्हणतो, ते रोज तिथं यायचे. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्यांचा उजवा पाय कमजोर आहे. गुडघ्यावर हात दाबत ते चालतात. शाळेच्या भिंतीला पाठ टेकून बसायचं आणि कोळशानं भिंतीवर गुण लिहायचे, हे त्यांचं काम. कुणाची सर्व्हिस कुठं पडते, कोणता शूटर दमला की चेंडू नेटमध्ये मारतो, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळायचं. सामन्याच्या मध्येच ते ओरडून सांगायचे आणि आम्ही ऐकायचो, कारण त्यांचं बरोबर असायचं. अशी किती वर्षं गेली असतील! त्या सगळ्या वर्षांत भाईजाननी एकदाही चेंडू मारला नाही. आणि खरं सांगायचं तर, त्यांना खेळायला घ्यावं असं आमच्यापैकी कुणाला सुचलंही नाही. त्यांना जागा दिली, मान दिला, चहा दिला. खेळ दिला नाही.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये पॅरिसची पॅरालिंपिक संपली तेव्हा मी गावी होतो. भाईजान आता शिलाईचं दुकान चालवतात. दुकानात बसून मी त्यांना मोबाईलवर इराणच्या मोर्तेझा मेहरझादचा खेळ दाखवला. त्यांनी पूर्ण सेट पाहिला, एक शब्द बोलले नाहीत. मग विचारलं, "ये नेट कितनी ऊंची है रे?"

मी शोधून सांगितलं, १ मीटर १५ सेंटिमीटर. त्यांनी गळ्यातला टेप काढला, दुकानाच्या भिंतीवर जमिनीपासून पंचेचाळीस इंच मोजले आणि कापडावर खुणा करायच्या खडूनं तिथं एक रेघ मारली. मग तसेच भिंतीसमोर जमिनीवर बसले आणि हात वर केला. हात रेघेच्या वर गेला होता.

तेव्हापासून हा लेख लिहायचा होता. आधी मोर्तेझाविषयी सांगतो, कारण त्याची गोष्ट आपल्याकडे पोहोचते ती अर्धीच. अडीच मीटर उंचीचा माणूस, तीन सुवर्णपदकं, मागे करुण संगीत, आणि खाली लिहिलेलं असतं, 'इच्छा असेल तर काहीही शक्य आहे'. आपण तो व्हिडिओ ग्रुपवर पुढे पाठवतो आणि विसरतो.

मोर्तेझा मेहरझादचा जन्म १९८७ चा, इराणच्या उत्तरेला कॅस्पियन समुद्राकाठच्या चालूस या गावातला. त्याला अॅक्रोमेगॅली हा आजार आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून वाढीचं संप्रेरक गरजेपेक्षा जास्त स्रवत राहतं आणि शरीर वाढतच जातं. लोकांना ते नवल वाटतं, पण तो आजारच आहे. सांधे दुखतात, हृदयावर ताण येतो. शाळकरी वयातच मोर्तेझा सहा फुटांच्या वर गेला होता. त्यात किशोरवयात सायकलवरून पडून त्याच्या ओटीपोटाचं हाड मोडलं. त्यानंतर उजव्या पायाची वाढ थांबली. डावा पाय वाढत राहिला. आज दोन्ही पायांत सुमारे १५ सेंटिमीटरचा फरक आहे. तो कुबड्या घेऊन चालतो किंवा व्हीलचेअर वापरतो. त्याची उंची २४६ सेंटिमीटर, म्हणजे आठ फुटांच्याही वर आहे. जगातल्या हयात असलेल्या सर्वांत उंच माणसांत त्याचं नाव घेतलं जातं.

अशा मुलाचं गावात काय होत असेल, हे तुम्हाला मला सांगायला नको. तो घराबाहेर पडेनासा झाला. एकटेपणानं आणि नैराश्यानं त्याला घेरलं होतं, हे त्यानं स्वतः नंतर सांगितलं आहे. बाहेर पडलं की लोक बघणार, मुलं मागं लागणार, कुणीतरी फोटो काढणार. घर हीच सुरक्षित जागा. आपल्या किती मोहल्ल्यांत अशी घरं आहेत!

२०११ मध्ये इराणी टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात तो दिसला. वेगळी शरीरं असलेल्या माणसांना बोलावून दाखवण्याचा तो कार्यक्रम होता. लाखो लोकांनी त्याला पाहिलं असेल. बहुतेकांनी 'केवढा उंच आहे' म्हणून तोंडात बोट घातलं असेल, काहींनी 'बिचारा' म्हटलं असेल. पण इराणच्या बैठ्या व्हॉलीबॉल संघाचे प्रशिक्षक हादी रेझाई यांनीही तो कार्यक्रम पाहिला आणि त्यांना त्यात एक खेळाडू दिसला.

शरीर तेच होतं, बघणारी नजर बदलली. मात्र नुसत्या नजरेनंही काही झालं नसतं. त्या नजरेमागं एक खेळ होता, त्या खेळाचे क्लब होते, बसून खेळायला जागा होती, शिकवणारी माणसं होती आणि शिकायला वेळ होता. टीव्हीवर दिसल्यापासून राष्ट्रीय संघात येईपर्यंत मोर्तेझाला पाच वर्षं लागली. तो संघात आला २०१६ मध्ये. व्हिडिओत ही पाच वर्षं कधीच नसतात.

हा खेळ कसा असतो, तेही थोडं समजून घेऊ. बैठ्या व्हॉलीबॉलची सुरुवात १९५६ मध्ये नेदरलँड्समध्ये झाली. १९८० पासून पुरुषांचा आणि २००४ पासून महिलांचा खेळ पॅरालिंपिकमध्ये आहे. आपलं नेहमीचं मैदान १८ बाय ९ मीटरचं असतं, हे १० बाय ६ मीटरचं. पुरुषांचं नेट २.४३ मीटरवरून १.१५ मीटरवर येतं, महिलांचं १.०५ मीटरवर. संघात सहाच खेळाडू, चेंडूला तीनच स्पर्श. मुख्य नियम एकच, चेंडू खेळताना पार्श्वभागापासून खांद्यापर्यंतचा शरीराचा काही भाग जमिनीला टेकलेला हवा. हातांनीच सरकायचं आणि हातांनीच मारायचं. मैदान छोटं आणि नेट जवळ असल्यामुळे चेंडू विचार करायला वेळच देत नाही. हा दया म्हणून सोपा करून दिलेला खेळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी पाच मिनिटं जमिनीवर बसून खेळून पाहावं.

मोर्तेझा बसून हात वर करतो तेव्हा त्याचा पंजा जमिनीपासून १.९ मीटरच्याही वर जातो. नेटच्या वर पाऊण मीटर. २०१६ च्या रिओ पॅरालिंपिकच्या अंतिम सामन्यात इराणनं बोस्निया-हर्जेगोविनाला ३-१ नं हरवलं, त्यात त्याचे २८ गुण होते. पुढे टोकियोत रशियन खेळाडूंच्या संघाला आणि २०२४ मध्ये पॅरिसला पुन्हा बोस्नियाला हरवून इराणनं सुवर्णपदक घेतलं. मोर्तेझाचं हे तिसरं. २०१८ आणि २०२२ च्या जागतिक विजेतेपदांतही तो होता.

यावर काही जण म्हणतात, हा अन्याय आहे. एवढा उंच माणूस असेल तर बाकीच्यांनी काय करायचं? मला हा आक्षेप पटत नाही. उभ्या व्हॉलीबॉलमध्ये आपण सात फुटी खेळाडूचं कौतुक करतो, त्याला अन्याय म्हणत नाही. उंची ही त्या खेळातली जमेची बाजूच आहे. शिवाय त्या उंचीची किंमत मोर्तेझा रोज मोजतो. एवढ्या मोठ्या शरीराला जमिनीवरून झटपट सरकवणं अवघड असतं. समोरचा संघ चेंडू त्याच्यापासून लांब टाकतो. मग तो चेंडू कुणीतरी दुसरा उचलतो, तिसरा त्याच्या हातापाशी आणून देतो, तेव्हा कुठं तो मारतो. एकटा मोर्तेझा काहीच जिंकू शकत नाही. इराणचा संघ त्याच्या आधीही जिंकत होता.

इराणनं बैठ्या व्हॉलीबॉलचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण १९८८ मध्ये सोलला जिंकलं. त्याच वर्षी, स्पर्धेच्या काही आठवडे आधी, इराक-इराण युद्ध थांबलं होतं. आठ वर्षांच्या त्या युद्धानं हजारो तरुणांचे पाय नेले होते. ते घरोघरी परतले, तेव्हा त्यांचं करायचं काय हा प्रश्न होता आणि त्याच्या उत्तरांपैकी एक उत्तर हा खेळ होता. १९८८ पासून २०२४ पर्यंतच्या दहा स्पर्धांत इराणनं आठ सुवर्ण आणि दोन रौप्य पदकं घेतली. ती दोन सुवर्णं हुकली, २००४ आणि २०१२ ची, ती कुणी नेली? बोस्नियानं. १९९२ ते ९५ च्या युद्धात गोळ्यांनी आणि भूसुरुंगांनी जिथं माणसांचे पाय गेले, त्या बोस्नियानं. पॅरालिंपिकच्या अंतिम सामन्यात हे दोन देश पुन्हा पुन्हा समोरासमोर येतात, त्यामागं हा इतिहास आहे. रिओ आणि पॅरिस, दोन्हीकडे तिसरा क्रमांक इजिप्तचा होता.

आपल्याकडेही अशी सुरुवात झाली होती. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले. मग पोहायला लागले आणि १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाईल पोहण्यात भारतासाठी पहिलं सुवर्णपदक जिंकलं. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी. आज पॅरालिंपिकमध्ये भारताची कामगिरी खूपच सुधारली आहे, पॅरिसमध्ये २९ पदकं आली. पण ती वैयक्तिक खेळांतली आहेत. भारताचा बैठ्या व्हॉलीबॉलचा संघ अजून पॅरालिंपिकपर्यंत पोहोचलेला नाही. माझ्या मते हे साधं नाही. वैयक्तिक खेळात एखादी जिद्दी मुलगी किंवा मुलगा, एखादा चांगला शिक्षक आणि पदरमोड करणारे आईबाप असले तर वाट निघते. सांघिक खेळाला मात्र गावोगावी डझनभर माणसं घराबाहेर पडलेली असावी लागतात. आपलं नेमकं तिथंच अडतं.

मी इराणचं कौतुक करतोय म्हणून कुणी गैरसमज करून घेऊ नये. ज्या देशानं मोर्तेझासाठी नेट खाली आणलं, त्याच देशात २०१४ मध्ये पुरुषांचा व्हॉलीबॉल सामना पाहायला तेहरानच्या आझादी स्टेडियमवर गेलेल्या घोंचे गवामी या तरुणीला अटक झाली आणि तिला काही महिने तुरुंगात राहावं लागलं. स्टेडियमचं नाव आझादी! म्हणजे एखादी व्यवस्था एकासाठी नेट खाली घेते आणि दुसऱ्यासाठी दरवाजा बंद करते. तरीही त्याच देशातून झहरा नेमाती निघाली. आधी तायक्वांदो खेळायची, अपघातानंतर धनुर्विद्येकडे वळली आणि २०१२ मध्ये लंडनला सुवर्ण जिंकणारी पहिली इराणी महिला ठरली. रिओमध्ये इराणचा महिलांचा बैठा व्हॉलीबॉल संघही उतरला होता. म्हणून कुठल्याही देशाची पूजा करायची गरज नाही. चांगलं आहे ते उचलायचं, वाईट आहे त्याला वाईट म्हणायचं.

आता आपल्या घराकडे येऊ. माझ्या ओळखीत असं एक घर आहे, जिथं पाहुणे आले की धाकट्या मुलीला आतल्या खोलीत पाठवतात. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, बोलताना तोंड वाकडं होतं. विचारलं तर आई म्हणते, "मोठ्या दोघींची लग्नं व्हायची आहेत." ती आई वाईट नाही. तिनं त्या मुलीसाठी रात्री जागून काढल्या आहेत. तिला लोकांची भीती वाटते, आणि ते लोक म्हणजे तुम्ही आणि मी. मुलगा असेल तर निदान भिंतीला टेकून गुण लिहायला तरी मैदानावर येतो. मुलगी तेवढंही करू शकत नाही.

आपण अशा घरांना विसरतो असंही नाही. रमजानमध्ये बरोबर आठवण येते. जकात, फितरा, शिधा त्या घरी पोहोचतो. मदत करायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या माणसाची आठवण फक्त द्यायच्या वेळी येते, त्याला आपण शेजारी मानतो की आपल्या पुण्याचं साधन? भाईजाननी एकदा मला हसत हसत सांगितलं होतं, "ईद के दिन सब लोग मेरे को गले मिलते, टीम में कोई नहीं लेता." तेव्हा मीही हसलो होतो.

अपंग म्हणायचं की दिव्यांग, यावर आपल्याकडे बरीच चर्चा झाली. नाव सन्मानाचं असावं हे खरं, पण नाव बदलल्यानं एकही पायरी कमी होत नाही. कायदा मात्र बराच पुढे गेला आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अपंगत्वाचे ७ ऐवजी २१ प्रकार मान्य झाले. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर सरकारी नोकरीत ४ टक्के आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणात ५ टक्के राखीव जागा आहेत. त्यासाठी यूडीआयडी कार्ड लागतं. हे कार्ड म्हणजे खैरात नव्हे, तो हक्काचा कागद आहे. तरी आपल्या वस्त्यांत कितीतरी जणांकडे ते नाही, कारण फॉर्म कुणी भरायचा, जिल्हा रुग्णालयात कुणी घेऊन जायचं, एका दिवसाची मजुरी कुणी बुडवायची? माझ्या ओळखीच्या त्या मुलीचं कार्डही अजून काढलेलं नाही.

पॅरिसची आणखी एक गोष्ट सांगतो. मोर्तेझा तिथं जमिनीवर झोपतोय, कारण त्याच्या मापाचा पलंग नाही, असं प्रशिक्षक रेझाई यांनी स्पर्धेच्या वेळी सांगितलं होतं. टोकियोत त्याच्यासाठी खास पलंग केला होता. दोनदा सुवर्ण जिंकलेल्या, जगभर फोटो छापून आलेल्या खेळाडूची ही अवस्था. बातमी वाचून लोक म्हणाले, बघा, किती साधा माणूस! जमिनीवर झोपूनही जिंकला! मला ते कौतुक आवडलं नाही. माणूस जमिनीवर झोपून जिंकला हा त्याचा मोठेपणा आहे, पण त्याला जमिनीवर झोपावं लागलं ही व्यवस्थेची चूक आहे. एकाचा मोठेपणा सांगून दुसऱ्याची चूक झाकायची सवय आपल्याला फार आहे. 'भाईजाननी कधी तक्रार केली नाही' असं आमच्या घरातही अभिमानानं सांगतात.

तर मित्रमैत्रिणींनो, आपण काय करू शकतो? मोठी संस्था काढायची गरज नाही. तुमच्या मोहल्ल्यात कुणाकुणाकडे यूडीआयडी कार्ड नाही, याची एका सुट्टीत यादी करा. घरी मोबाईल आहे, फॉर्म ऑनलाईन भरता येतो. तपासणीच्या दिवशी सोबत जा, गाडीवर घेऊन जा. तुमचं वाचनालय, शादीखाना, क्लासची जागा, मशीद, जिथं तुमचा शब्द चालतो तिथं एक उतार बांधायची मागणी करा. सिमेंटची दोन-चार पोती लागतील. शाळेतून काढलेलं एखादं मूल असेल तर मुख्याध्यापकांना जाऊन विचारा. आणि लग्नाच्या बोलणीत 'घरात कुणी अपंग आहे का' असा प्रश्न कुणी विचारला, तर तिथंच उठून सांगा की हा प्रश्न चुकीचा आहे. ही शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड आहे, हे मला माहीत आहे. आमच्या घरात मलाही ती अजून जमलेली नाही.

खेळाचं मात्र सोपं आहे. दोन खांब, एक नेट, एक चेंडू, बसायला सतरंजी किंवा गुळगुळीत फरशी. उभं राहून खेळणारेही बसून खेळू शकतात. अपंग खेळाडू कमी पडले तर आपणच त्यांच्यासोबत बसायचं. कुणीही हरेल, कुणीही जिंकेल. पहिल्या दिवशी बहुधा आपणच हरू, कारण पाय सोडून हातांवर सरकायचं कसं, हे आपल्याला माहीतच नसतं.

आमच्या मैदानावर यंदा ईदच्या दुसऱ्या दिवशी तेच करायचं ठरलं आहे. खांबांना खालच्या बाजूला नवे हुक लावून झाले. शाळेच्या व्हरांड्यातली फरशी मिळेल असं शिक्षकांनी कबूल केलं आहे. भाईजान आधी नको म्हणाले. या वयात लोक हसतील, म्हणाले. परवा दुकानात गेलो तर भिंतीवरची खडूची रेघ अजून तशीच होती, कुणी पुसली नव्हती. त्यांनी मशीनवरून मान वर न करता विचारलं, "टीम में कौन कौन है?"

यावेळी गुण लिहायला मी भिंतीपाशी बसणार आहे.